ह्यून बिनला पुरस्कार का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

हा प्रश्न नेहमी येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा राग असतो: "'क्रॅश लँडिंग ऑन यू' ही कोरियन मालिका जगभर पाहिली गेली, मग तिच्यातल्या ह्यून बिन आणि सोन ये-जिनला मोठा पुरस्कार का नाही?" त्याच्या पाठोपाठ दुसरा: "कोरियात इतके सोहळे होतात, त्यातला खरा मानाचा कोणता?" दोन्हींचं उत्तर एकत्रच देता येतं. पुरस्कार पाहताना आधी दोन गोष्टी बघायच्या. स्पर्धेत कोणाकोणाला उतरता येत होतं, आणि मत कोणाचं होतं. ट्रॉफीचा आकार आणि रेड कार्पेटची लांबी नंतर.

ज्या सोहळ्यावरून हा राग निघतो तो ५ जून २०२० चा, छपन्नावा बेकसांग, म्हणजे सगळ्या वाहिन्यांच्या कामाला एकत्र तोलणारा कोरियन पुरस्कार. कोविडमुळे समोर प्रेक्षक नव्हते. टीव्ही विभागात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या नामांकनात पाच जण होते: 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स'चा कांग हा-नुल, 'स्टोव्ह लीग'चा नामगुंग मिन, 'इतेवॉन क्लास'चा पार्क सो-जून, 'हायना'चा जू जी-हून आणि ह्यून बिन. अभिनेत्रींमध्ये गोंग ह्यो-जिन, किम ही-ए, किम हे-सू, आययू आणि सोन ये-जिन. पुरस्कार गेले कांग हा-नुलला आणि 'द वर्ल्ड ऑफ द मॅरीड'साठी किम ही-एला. ही यादी सावकाश वाचली की बरंच काही कळतं. 'कॅमेलिया' केबीएसची, 'स्टोव्ह लीग' आणि 'हायना' एसबीएसच्या, 'इतेवॉन क्लास' आणि 'द वर्ल्ड ऑफ द मॅरीड' जेटीबीसीच्या, 'क्रॅश लँडिंग' टीव्हीएनची. सगळ्या वाहिन्यांचे कलाकार एकाच रांगेत उभे होते. गोंग ह्यो-जिन २०१९ च्या वर्षअखेरीला केबीएसचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन आली होती. नामगुंग मिनला 'स्टोव्ह लीग'साठीच २०२० अखेरीस एसबीएसचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. म्हणजे आपापल्या वाहिनीवर अव्वल ठरलेली ही दोघंही बेकसांगला रिकाम्या हाताने परतली. ह्यून बिन आणि सोन ये-जिनला त्या रात्री लोकप्रियतेचे पुरस्कार मिळाले. ते चाहत्यांच्या मतांवर ठरतात. अभिनयाच्या पुरस्कारात ही मतं धरत नाहीत.

मग टीव्हीएनने तरी त्यांना वर्षाअखेरीस गौरवायचं होतं, असं कोणी म्हणेल. तिथेच खरी अडचण आहे. दरवर्षीचा ड्रामा अवॉर्ड सोहळा घेतात त्या तीन जुन्या वाहिन्या: केबीएस, एमबीसी आणि एसबीएस. टीव्हीएन, जेटीबीसी, नेटफ्लिक्स यांचा असा घरचा वार्षिक सोहळा नाही. टीव्हीएनने २०१६ मध्ये दहा वर्षं पूर्ण झाल्याबद्दल एक घेतला होता, तेवढाच. त्यामुळे ज्या मालिका आपल्याकडे सगळ्यात जास्त पाहिल्या जातात, त्यांतल्या अनेकांना कोरियात अभिनयाचा मोठा मान मिळवायला मुख्यतः बेकसांगच उरतो, आणि तिथे प्रत्येक गटात जागा एकच.

वाहिन्यांच्या सोहळ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण याद्या वाचताना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. सर्वात वर डेसांग, म्हणजे सर्वोच्च पुरस्कार. त्याखाली 'टॉप एक्सलन्स', मग 'एक्सलन्स', मग सहायक, नवोदित, बेस्ट कपल वगैरे. 'टॉप एक्सलन्स' वाचून तोच पहिला नंबर असं वाटतं, पण तो दुसऱ्या पायरीवर आहे. शिवाय ही पायरी मिनी सीरिज, लांबलेल्या मालिका, रोजच्या मालिका अशी विभागलेली असते, आणि प्रत्येक तुकड्यात एक नट आणि एक नटी. काही वर्षी संयुक्त विजेते. एका रात्रीत इतके पुरस्कार वाटले जातात की वाहिनीच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या मालिकेच्या पदरात काहीतरी पडतं. वाहिनी आपल्याच माणसांना, पुढच्या वर्षीही आपल्याकडे काम करावं म्हणून धरून ठेवत असते, हे त्यात उघड दिसतं. मला यात गैर वाटत नाही. फक्त या पुरस्काराला 'कोरियातला वर्षाचा सर्वोत्तम नट' म्हणू नये.

डेसांग वाटून देण्यावरून कोरियन प्रेक्षकही चिडतात. २००८ मध्ये एमबीसीने 'बीथोवन व्हायरस'च्या किम म्यंग-मिनला आणि 'ईस्ट ऑफ ईडन'च्या सोंग सुंग-हॉनला मिळून डेसांग दिला, तेव्हा मोठा गदारोळ झाला. पुढे २०१४ पासून तीन वर्षं एमबीसीने डेसांगचा निर्णय थेट प्रेक्षकांच्या मतांवर सोडून पाहिला. पहिल्याच वर्षी जिंकली ली यू-री, आणि तीही खलनायिकेच्या भूमिकेसाठी. परीक्षकांनी कदाचित नायिकेकडे पाहिलं असतं. प्रेक्षकांनी ज्या चेहऱ्यामुळे टीव्हीसमोरून उठवत नव्हतं त्याला मत दिलं. पण प्रेक्षकांच्या मतात मोठा चाहतावर्ग असलेल्याचं पारडं जड होतं, हेही तितकंच खरं. तीन वर्षांनी वाहिनीने ती पद्धत सोडली.

या घरच्या सोहळ्यांतला अलीकडचा सर्वात रास्त निर्णय मात्र केबीएसचा. २९ डिसेंबर २०२४ ला मुआन विमानतळावर जेजू एअरचं विमान कोसळलं आणि वर्षअखेरीचे सोहळे पुढे ढकलले गेले. केबीएसचा सोहळा ११ जानेवारी २०२५ ला दाखवला, आणि डेसांग मिळाला नव्वदीतल्या ली सून-जे यांना. मंचावर त्यांनी जे सांगितलं त्याचा आशय असा की साठी उलटली तरी काम चांगलं असेल तर पुरस्कार द्यावा, हा काही सेवेबद्दलचा सन्मान नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ते गेले. ज्येष्ठ कलाकाराला जीवनगौरव देऊन बाजूला बसवायची सवय आपल्याकडेही आहे, म्हणून हे बोल मला फार मोलाचे वाटतात.

आता बेकसांग. 'हांगुक इल्बो' या वृत्तपत्राचे संस्थापक चांग की-यंग यांच्या टोपणनावावरून हे नाव पडलं, आणि सुरुवात १९६५ ची. चित्रपट, टीव्ही आणि नाटक तिन्ही एका छताखाली घेणारा हा सोहळा आहे. नाटकाचा विभाग मधली बरीच वर्षं बंद होता, तो २०१९ मध्ये परत आला. नाटकातून पडद्यावर आलेले कलाकार पाहत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

बेकसांगमध्ये दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला तारखांचा. साधारण आदल्या वर्षीच्या १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंतचं काम धरलं जातं. 'लव्हली रनर' एप्रिल-मे २०२४ मध्ये गाजत होती, आणि ७ मे २०२४ चा सोहळा झाला तेव्हा तिचं नावही नव्हतं, म्हणून भारतातल्या चाहत्यांनीही नाराजी काढली. ती मालिका त्या वर्षाच्या मोजणीत बसतच नव्हती. तिचा नायक ब्योन ऊ-सोकला नामांकन मिळालं ते ५ मे २०२५ च्या सोहळ्यात, मालिका संपून जवळजवळ वर्ष झाल्यावर. तोपर्यंत गाजावाजा निवलेला असतो आणि नवी कामं समोर आलेली असतात. मार्चमध्ये येणाऱ्या मालिकेला त्या मानाने फायदा होतो. 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स' मार्च २०२५ मध्ये चार आठवड्यांत आली आणि मे महिन्यात सर्वोत्कृष्ट मालिका ठरली. काम उत्तम होतंच, पण तारीखही अनुकूल होती.

दुसरा घोळ डेसांगचा. बेकसांगचा डेसांग हा 'सर्वोत्कृष्ट अभिनेता'चा मोठा भाऊ नाही. टीव्हीला एक आणि चित्रपटाला एक, आणि तो माणसालाही मिळतो, कलाकृतीलाही. २०२० मध्ये टीव्हीचा डेसांग 'कॅमेलिया' या मालिकेला गेला, तर सर्वोत्कृष्ट मालिका ठरली 'स्टोव्ह लीग'. २०२१ मध्ये तो सूत्रसंचालक यू जे-सुकला, २०२२ मध्ये 'स्क्विड गेम'ला, २०२५ मध्ये स्वयंपाकाच्या स्पर्धेच्या कार्यक्रमाला. त्या वर्षी चित्रपटाचा डेसांग 'हार्बिन'चे छायाचित्रकार होंग ग्यंग-प्यो यांना मिळाला. २०२३ मध्ये 'द ग्लोरी'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री सोंग हे-क्यो ठरली, आणि डेसांग घेतला 'एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू'च्या पार्क उन-बिनने. यादीत पार्क उन-बिनचं नाव अभिनेत्रीच्या रकान्यात शोधून 'ती हरली' असं ठरवणारे पुष्कळ भेटतात. ती त्या रकान्याच्या वर गेली होती.

आणि नामगुंग मिन? एसबीएसचा एक आणि एमबीसीचे दोन डेसांग घरात असताना त्याला बेकसांगचा सर्वोत्कृष्ट अभिनेता व्हायला २०२४ उजाडलं, 'माय डिअरेस्ट'साठी. एका वाहिनीची स्पर्धा आणि सगळ्यांची स्पर्धा यातलं अंतर यावरून समजून घ्यावं.

चित्रपटांसाठी मी सर्वाधिक विश्वास ठेवीन तो ब्लू ड्रॅगन या पुरस्कारावर. कारण साधं आहे: मतं कशी पडली ते ते छापतात. 'चोसून इल्बो' या वृत्तपत्राने १९६३ मध्ये हा पुरस्कार सुरू केला, १९७३ नंतर तो बंद पडला, आणि १९९० मध्ये पुन्हा उभा राहिला. आता तो 'स्पोर्ट्स चोसून' चालवतं. अलीकडची रचना अशी की आठ परीक्षकांची आठ मतं आणि नेटवर मत देणाऱ्या प्रेक्षकांचं मिळून एक, अशी नऊ. सोहळा झाला की कुठल्या परीक्षकाने कोणाला मत दिलं याचा तक्ता प्रसिद्ध होतो. एखादा नट एका मताने हुकला की एकमताने जिंकला, ते कळतं. एवढा उघड हिशेब ठेवला की परीक्षकालाही आपलं मत सांभाळून द्यावं लागतं.

इथेही तारीख बघावी. साधारण ऑक्टोबर ते ऑक्टोबर असा हिशेब असतो आणि सोहळा नोव्हेंबरात. '१२.१२: द डे' २२ नोव्हेंबर २०२३ ला प्रदर्शित झाला, सोहळा दोनच दिवसांनी होता, त्यामुळे त्याची पाळी आली २०२४ मध्ये. तेव्हा तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि ह्वांग जंग-मिन सर्वोत्कृष्ट अभिनेता.

या मंचाने छोट्या कामांना दिलेली दाद मला विशेष वाटते. २०१४ मध्ये 'हान गोंग-जू' या कमी पैशातल्या स्वतंत्र चित्रपटासाठी चुन वू-ही सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली आणि मंचावर तिला रडू आवरेना. २०१७ मध्ये रंगभूमीवर वर्षानुवर्षं राबलेला जिन सन-ग्यू 'द आउटलॉज'साठी सहायक अभिनेता ठरला, त्याचंही तेच. २०२२ मध्ये 'डिसिजन टू लीव्ह'साठी तांग वेई ही या पुरस्काराची पहिली परदेशी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री झाली. आणि २००५ चं ह्वांग जंग-मिनचं भाषण तर कोरियात आजही उद्धृत होतं: साठेक माणसांनी छान ताट वाढून ठेवलं, मी फक्त चवीने जेवलो, तरी कौतुक माझंच होतं, अशा आशयाचं.

त्याच ह्वांग जंग-मिनचं नाव ग्रँड बेल या दुसऱ्या चित्रपट पुरस्काराच्या सगळ्यात वाईट रात्रीशीही जोडलेलं आहे. ग्रँड बेल १९६२ पासूनचा, सरकारी आश्रयाने सुरू झालेला. एके काळी त्याचा दरारा होता. १९९६ मध्ये अजून प्रदर्शितही न झालेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ठरवलं, तिथून शंका सुरू झाली. २०१२ मध्ये एकाच चित्रपटाला १५ पुरस्कार. मग २०१५ मध्ये आयोजकांनी जाहीर केलं की जो हजर राहणार नाही त्याला पुरस्कार मिळणार नाही. अभिनेता-अभिनेत्रीच्या मुख्य गटातले सगळे नामांकित गैरहजर राहिले. सर्वोत्कृष्ट अभिनेता ह्वांग जंग-मिन, अभिनेत्री जुन जी-ह्यून, आणि मंचावर दुसरेच लोक त्यांच्या ट्रॉफ्या घेत होते. हजेरी ही पुरस्काराची अट झाली की निवडीवरचा विश्वास संपतो. पुढे तो चालवणारी संस्था दिवाळखोरीत निघाली.

ओटीटीवरच्या कामासाठी २०२२ पासून ब्लू ड्रॅगन सीरिज अवॉर्ड्स आहेत, उन्हाळ्यात होतात. तरुण सोहळा आहे, अजून त्याचं वजन ठरायचं आहे.

परदेशातल्या मानाचा इथल्या निकालावर परिणाम होतो का, हेही विचारलं जातं. फारसा नाही. सोंग कांग-हो २०२२ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला, त्याच वर्षी ब्लू ड्रॅगन पार्क हे-इलला मिळाला. उलट बाजूने पाहा: युन यो-जंग यांना २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा अनेकांना त्या नव्याने सापडल्या, पण ब्लू ड्रॅगनने त्यांना १९७१ मध्येच 'वूमन ऑफ फायर'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं होतं. ऑस्करच्या मंचावर त्यांनी त्या चित्रपटाचे दिग्दर्शक किम की-यंग यांचे आभार मानले.

पुढच्या वेळी थेट पाहायचं असेल तर कोरियाची वेळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. सोलमध्ये रात्री आठला सुरू होणारा सोहळा आपल्याकडे दुपारी साडेचारला लागतो, तीन तासांहून जास्त चालतो आणि डेसांग सर्वात शेवटी येतो. वाहिन्यांचे वर्षअखेरीचे सोहळे मध्यरात्रीपर्यंत रेंगाळतात, म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. नामांकनं जाहीर झाली की आपल्या आवडत्या मालिकेचा पहिला आणि शेवटचा भाग कुठल्या तारखेला आला ते आधी तपासा. नाव नसेल तर बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.