झडपांच्या खिडक्यांना रोमन शेड

वेंगुर्ल्याच्या घरी वारा सुटला की साधा पडदा थेट टीव्हीवर जाऊन बसतो, म्हणून यंदा पावसाच्या आधी रोमन शेड, म्हणजे दोरी ओढली की घड्या पडत वर जाणारे पडदे, शिवायला घेतले. शिवण सोपी आहे हो, खरं काम मोजमापाचं. चिऱ्याच्या भिंती जाड, वाटतं शेड चौकटीच्या आतच छान बसेल, पण जुन्या खिडक्यांची झडपं आत उघडतात ना, मग वर भिंतीला फळी ठोकून शेड चौकटीच्या बाहेरच लावायचं आणि दोन्ही बाजूंना ५-५ सेंमी जास्त धरायचं.

कॉटन आधी धुवायचंच, पहिल्या पाण्यात आकसतं. मागे अस्तर, त्यावर दर २० सेंमीला आडवी पट्टी शिवून आत काठी, पण सगळ्यात खालचा भाग निम्मा, म्हणजे १० सेंमीच्या आसपास, तरच ओढल्यावर घड्या एकावर एक बसतात. मागे दोरी ओवायच्या कड्या लोखंडी अजिबात नको!! खाऱ्या हवेत गंजतात आणि डाग कापडावर. प्लास्टिकच्या घ्या. वर वेल्क्रो, पावसाळ्यात कुबट वास आला की काढून धुता येतं. दोरी मात्र उंच हुकला गुंडाळायची, लहान मुलांच्या गळ्यात अडकू शकते.

वरची झालर म्हणजे व्हॅलन्स, ती मी सपाटच केली, चुण्यांत कोळी जाळी करतात. आईला चुण्याच हव्यात, तिच्या खोलीची आता तशी शिवतेय, कापड रुंदीच्या दुप्पट लागतंय.