मळवलीला उतरा: भाज्याच्या डोंगराखालचं ध्यानशिबिर

पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला जाताना वाटेत दापोडी लागतं, मग देहूरोड. दापोडीत त्रिरत्न बौद्ध महासंघाचा महाविहार आहे. देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ला बुद्धमूर्तीची स्थापना केली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याही जवळजवळ दोन वर्षं आधी. या मार्गावर मी कॉलेजपासून प्रवास करतेय. पण देहूरोड आलं की डब्यातल्या काही बायका खिडकीतून हात जोडतात, हे माझ्या लक्षात आलं ते शिबिराच्या घोळक्यात बसून निघाले तेव्हा.

मळवलीला उतरून एक्स्प्रेसवे ओलांडला की भाजे गाव. वर लोहगड आणि विसापूर, मधल्या उतारावर २२ लेणी आणि खाली महासंघाचं 'सद्धम्म प्रदीप' शिबिर केंद्र. पावसाळ्यात सगळा डोंगर गळत असतो. आम्ही पोचलो ते ओलेचिंब. दारातल्या ताई "जय भीम" म्हणाल्या, हातात टॉवेल दिला आणि वर, "आधी चहा घ्या, नावं कुठं पळून जातात?"

नाव लिहिलं ते फॉर्मवर. नंतर पंगतीत, खोलीत, भांडी घासताना कुणीही आडनाव विचारलं नाही. आपल्याकडे आडनाव कशासाठी विचारतात ते मराठी वाचकाला सांगायला नको. मी बौद्ध घरातली नाही, हे मैत्रिणीने आधी कळवलं होतं. त्याची दखल एवढीच घेतली गेली की वंदनेची पुस्तिका सगळ्यांच्या आधी माझ्या हातात आली.

शिबिर बायकांचं होतं. येरवडा, पिंपरी, दापोडीच्या वस्त्यांतून आलेल्या, कुणी नर्स, कुणी शिक्षिका, कुणी चार घरची कामं करणाऱ्या. सकाळी अंधारात घंटा व्हायची. त्रिशरण, पंचशील, मग आनापानसती, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचं ध्यान. इथे ती चार टप्प्यांत शिकवतात. पहिल्यात श्वास सोडून झाला की मनात एक, पुढचा सोडला की दोन, असं दहापर्यंत जायचं आणि परत एकपासून. दुसऱ्यात आकडा श्वास घेण्याच्या आधी येतो. फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण लक्ष श्वासाच्या सुरुवातीवर येऊन बसतं. तिसऱ्यात मोजणं सोडून द्यायचं. चौथ्यात नाकपुडीला हवा जिथे लागते तेवढ्याच जागेवर थांबायचं. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची होती, मांडीचा कुणाचाच आग्रह नव्हता.

शनिवारी धबधब्यावर पर्यटक आले आणि त्यांचे स्पीकर सुरू झाले. डीजेचा ठोका थेट ध्यानाच्या हॉलमध्ये. मला वाटलं आता सत्र थांबवतील. शिकवणाऱ्या धम्मचारिणी (महासंघाची दीक्षा घेतलेल्या साधिका) शांतपणे म्हणाल्या, "आवाजाशी भांडू नका. ऐकू येतंय, हे कळलं ना? मग या परत श्वासाकडे." मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "गाणं तरी बरं लावा म्हणावं." सगळा हॉल हसला आणि पुन्हा बसला.

आमच्या ऑफिसातही 'माइंडफुलनेस'ची सत्रं होतात. डोळे मिटा, ताण सोडा, फीडबॅक फॉर्म भरा आणि डेडलाइनकडे चला. त्या सत्रांवर माझा राग नाही, झोप बरी लागते. पण बुद्धाच्या अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती, म्हणजे हेच माइंडफुलनेस, सातवी येते. तिच्या आधी सम्यक वाणी आहे, सम्यक कर्मान्त आहे, सम्यक आजीविका आहे. ऑफिसात आम्हाला लिफ्टने थेट सातव्या मजल्यावर सोडतात. इथे रोजचा दिवस पंचशीलापासून सुरू होतो, आणि संध्याकाळच्या गटचर्चेत विषय निघतो तो सुनेशी बोलताना आवाज का चढतो याचा.

दुपारचं ध्यान मैत्री भावनेचं. आधी स्वतःसाठी मैत्री, मग जवळच्या मित्रासाठी, मग तटस्थ व्यक्तीसाठी, मग ज्याच्याशी पटत नाही त्याच्यासाठी, शेवटी सगळ्यांसाठी. मला भीती होती चौथ्या टप्प्याची. येरवड्याच्या एक काकू अडल्या तिसऱ्यावर. "आवडत नाही आणि नावडतही नाही, असा माणूस आमच्या वस्तीत आणायचा कुठून? दाराला दार. कुणाकडून पीठ उसनं आणलेलं असतं, कुणाशी नळावर भांडण झालेलं." माझी अडचण नेमकी उलटी. माझ्या सोसायटीत बहुतेक सगळे तटस्थच. शेवटी लिफ्टमध्ये रोज दुधाची पिशवी घेऊन भेटणारे चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ निवडले.

एका नर्सताईंनी चर्चेत स्पष्टच विचारलं, "आमचे वडील चळवळीतले. ते म्हणायचे, डोळे मिटून अन्याय जातो का?" हा प्रश्न आंबेडकरी समाजात जुना आहे आणि इथे तो कुणी दाबला नाही. धम्मचारिणींनी संघरक्षितांची गोष्ट सांगितली. हे इंग्रज भिक्खू बाबासाहेबांना भेटलेले. ६ डिसेंबर १९५६ला ते नागपुरातच होते आणि पुढचे काही दिवस शोकात बुडालेल्या लोकांसमोर सभांमागून सभा घेत राहिले. त्यांनी स्थापन केलेल्या याच महासंघाचं भारतातलं काम १९७०च्या दशकाच्या अखेरीस पुण्यातून उभं राहिलं, आणि त्याला शाळकरी मुलांची वसतिगृहं, दवाखाने, बालवाड्या जोडल्या गेल्या. "ध्यान करून मोर्चाला जा, कोण अडवतंय?" असा धम्मचारिणींचा समारोप होता. नर्सताईंचं पूर्ण समाधान झालं असं मला वाटलं नाही. त्यांनीही तसं दाखवलं नाही.

लेणी पाहायला आम्ही न बोलता पायऱ्या चढलो. चैत्यगृहाचे, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाचे, अष्टकोनी खांब आत कललेले आहेत आणि छताच्या लाकडी फासळ्या मूळच्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. बुद्धमूर्ती नाही, त्या काळी ती घडवत नसत. आहे तो फक्त स्तूप. थोडं पुढे १४ स्तूपांचा समूह, काहींवर थेर, म्हणजे ज्येष्ठ, भिक्खूंची नावं कोरलेली. बायकांनी चैत्यात वंदना म्हटली तेव्हा रील काढणारी मुलं आपणहून बाजूला झाली, आणि त्यातल्या एकाने नंतर विचारलं, "हे कोणत्या भाषेत होतं?" पाली, म्हटल्यावर त्याने ते फोनमध्ये लिहून घेतलं.

परतीला मळवलीच्या फलाटावर तुफान गर्दी. पिंपरीपर्यंत उभ्यानेच आलो. काकूंनी माझा नंबर घेतला. त्यांच्या विहारात दर गुरुवारी सामूहिक ध्यान असतं, आणि वर्षावास (पावसाळ्यातला साधनेचा काळ) असल्याने रोज ग्रंथवाचनही. "ये गं," त्या म्हणाल्या. "पण साडेआठच्या आत नको. आठला पाणी येतं, तेव्हा कुणाचं चित्त ठिकाणावर नसतं."