तुम्ही विचारलंत म्हणून: फसलेलं काम सरळ मागे का घेत नाही?

लग्नाच्या पंगतीत शेजारचा विचारतो, "तुम्ही करता काय नक्की?" मी सांगतो, ग्रिडवरची कामं सांभाळतो. म्हणजे वेगवेगळ्या संस्थांची संगणक-मशीनं एकत्र जुंपून एकच मोठं काम. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत, सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगाचं टियर-2, म्हणजे दुसऱ्या फळीचं, संगणक केंद्र आहे ना, त्या जातीचं. मग ठरलेला प्रश्न येतो: "मधेच मशीन बसलं तर बँकेसारखं सगळं मागे घेता येत नाही?"

बँकेसारखं करायची रीत आहे, टू-फेज कमिट. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी 1978 मध्येच ती मांडून ठेवली आहे. समन्वयक आधी सगळ्यांना विचारतो, "तयार?" सगळे हो म्हणाले की सांगतो, "करा." पण एकदा हो म्हटलेल्याला निकाल येईपर्यंत आपल्या माहितीवर लावलेलं कुलूप सोडता येत नाही, आणि समन्वयक नेमका तेव्हाच आडवा झाला तर तो बसला ताटकळत. क्षणभराच्या व्यवहारात हे खपतं. माझं काम आठ-आठ तास चालतं. परक्या संस्थेचं मशीन माझ्यासाठी कशाला अडून राहील?

म्हणून आम्ही 'सागा' वापरतो. गार्सिया-मोलिना आणि सेलम या संगणकशास्त्रज्ञांची 1987 ची कल्पना: लांबलचक कामाचे छोटे व्यवहार करा आणि प्रत्येकाचं उलट काम लिहून ठेवा. जागा राखली, तर सोडा. फाइल पाठवली, तर पुसा. दादरचा हॉल रद्द केला की थोडी अनामत जातेच, तसं हे. मागे जाणं नव्हे, निस्तरणं.

खरा ताप वेगळाच. एकदा रात्री अडीचला चौथी पायरी पूर्ण झाली, पण 'झालं' हा निरोप वाटेत हरवला. माझ्या स्क्रिप्टने वाट पाहिली आणि तीच पायरी पुन्हा धाडली. सकाळी प्रत्येक नोंद दोनदा, बेरीज बरोब्बर दुप्पट! चूक माझीच. पायरी फसली असती तर बरं झालं असतं. ती झाली की नाही हेच कळत नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक विनंतीला नंबर देतो. नंबर ओळखीचा निघाला तर पलीकडचं मशीन काम पुन्हा करत नाही, जुनंच उत्तर परत देतं.

"आणि उलट कामच फसलं तर?" हे विचारणारा क्वचित भेटतो. पुन्हा करायचं, थोडं थांबून पुन्हा. तरीही जमलं नाही तर सिस्टीम माणसाला फोन लावते.

तो माणूस मी. म्हणून पंगतीतही फोन ताटाशेजारी असतो.