पिकअप गेलंय का, ताई?

“ताई, गिटारचं पिकअप गेलं. नवीन कितीला बसेल?”

नाशकात मी गिटारी दुरुस्त करते, आणि महिन्याला असे चार-पाच फोन येतात. फोन करणारा कॉलेज रोडचा असो नाहीतर सिडकोतला, पिकअप, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखालचा तारांची थरथर पकडणारा भाग, गेलं हे त्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं. आवाज गेला की पिकअप बदलायचंच का, असं तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते. पिकअप बदलायचं का? बहुतेक वेळा नाही.

सातपूरला वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. एप्रिल-मे आला की दिंडोरी-निफाडकडून पाण्याच्या जळालेल्या मोटारी टेम्पोत घालून यायच्या. मोटर उघडली की जळक्या वार्निशचा वास दुकानभर. कॉइल कशी जाते ते मी तिथे शिकले. मोटरच्या कॉइलमधून बाहेरची वीज धावते. लोड वाढला, व्होल्टेज पडलं की ती तापते आणि जळते. पिकअपमध्येही तांब्याचीच एनॅमल वायर असते, केसाइतकी बारीक, आणि साध्या सिंगल कॉइलमध्ये तिचे सात-आठ हजार वेढे. पण तिला बाहेरून वीज मिळतच नाही. चुंबकावर स्टीलची तार थरथरते आणि त्या थरथरीने कॉइलमध्ये इवलीशी वीज तयार होते. जळण्यासारखं तिथे काही नाही. पिकअप जातं ते बहुधा वायर तुटली तर: स्क्रू ड्रायव्हर निसटला, घामाने गंज चढला, किंवा बारीक वायर बाहेरच्या जाड वायरला जिथे जोडलेली असते तिथे ओढ बसली.

म्हणून गिटार उघडण्याआधी मीटर लावा. केबल गिटारला जोडा, दुसरं टोक मोकळं ठेवा. व्हॉल्यूम-टोन पूर्ण उघडे, स्विच एकाच पिकअपवर, आणि साधा पिवळा मल्टिमीटर २० किलोओहमच्या रेंजवर. मीटरचा एक प्रोब केबलच्या मोकळ्या पिनच्या टोकाला, दुसरा तिच्या दांड्याला. सिंगल कॉइल असेल तर ६ च्या आसपास आकडा येतो, दोन कॉइलच्या हमबकरला ८ च्या आसपास. व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणाखालचा बदलता रेझिस्टर, समांतर असल्यामुळे तो किंचित कमी दिसतो, त्याची काळजी नको. आकडा नीट आला तर पिकअप जिवंत आहे. शून्य आला तर हॉटची, म्हणजे सिग्नल नेणारी, वायर कुठेतरी अर्थला चिकटली आहे. रेंजच्या बाहेर गेला तर वाटेत काहीतरी तुटलंय, आणि मग उघडून पिकअपच्या स्वतःच्या दोन वायरींवर मीटर लावायचा. बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपला मात्र ही रीत लागू नाही.

माझ्याकडे येणाऱ्या गिटारींमध्ये सगळ्यात जास्त दोष जॅकमध्ये, म्हणजे केबल खोचायच्या भोकात, निघतो. बाहेरचा नट सैल झालेला असतो. पिन घालताना अख्खा जॅक फिरतो, आतल्या दोन वायरी दोरीसारख्या पिळल्या जातात आणि एक दिवस तुटतात. कधी वायर तुटलेलीही नसते, सोल्डर कच्चं असतं. चांगला सांधा गुळगुळीत, चकचकीत दिसतो, सोल्डर धातूवर पसरून बसलेलं असतं. कच्चा सांधा मळकट, दाणेदार, गोळा होऊन वर बसलेला. नखाने हलकेच ढकललं की वायर त्यात हलते. ६०-४० चं सोल्डर घ्या, आधी धातू तापवा आणि सोल्डर त्या धातूला लावा, सोल्डरिंगच्या इस्त्रीच्या टोकाला नाही. जॅक आणि स्विचला २५ वॅटची इस्त्री पुरते. पॉटच्या पाठीला ती पुरत नाही. ती पाठ उष्णता पिऊन टाकते, मुलं इस्त्री टेकवून बसतात आणि आतली पट्टी करपते. तिथे ४० वॅटची घ्या, पाठ जरा घासून घ्या आणि चटकन काम उरका.

घूं घूं आवाजाचं वेगळं आहे. तारांना हात लावला की घूं कमी होते? मग ब्रिजची, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात त्या भागाची, अर्थ वायर शाबूत आहे. काहीच फरक पडत नाही? ती वायर तुटलेली असण्याची शक्यता मोठी. हात लावल्यावर वाढते? जॅकवर हॉट आणि अर्थ उलट जोडलेत. सिंगल कॉइल थोडी घूं करणारच. ती घालवायलाच गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हमबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला: दोन कॉइल, उलटे वेढे, उलटे चुंबक, म्हणजे बाहेरची घूं एकमेकींत विरते आणि तारांचा आवाज मात्र एकत्र मिळून वाढतो.

इथे एक कळकळीने सांगते. घूं जावी म्हणून अँपच्या प्लगची तिसरी पिन कधीच काढू नका. गिटारच्या तारा केबलमधून थेट अँपच्या चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. जुन्या नाशकातल्या वाड्यांत सॉकेटला तीन भोकं असतात, पण मागे अर्थिंगची वायरच नसते. अशा घरात सराव करणाऱ्याच्या ओठाला माइक लागला की झटका बसू शकतो. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, गिटार माझ्याकडे नंतर आणा.

आता एका मुलाचं सांगते. निफाडहून एसटीने आला, गिटार चादरीत गुंडाळलेली. नवा हमबकर त्याने स्वतःच बसवला होता. एकेकटं पिकअप छान वाजायचं, दोन्ही एकत्र केली की आवाज पत्र्यासारखा, नाकातला. दोन्ही पिकअप एकमेकांविरुद्ध फेजमध्ये होती, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याचा खोडत होता. मागचं झाकण उघडलं तर सांधे इतके स्वच्छ होते की मी त्याला आधी तेच सांगितलं. चूक फक्त रंगात होती. घरच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल, म्हणून त्याने काळी अर्थला लावली होती. पण सिमॉर डंकन कंपनीच्या चार वायरींच्या पिकअपमध्ये काळी हॉट असते, हिरवी अर्थला जाते, लाल-पांढरी एकत्र जोडून टेप लावायची. डिमार्झिओत लाल हॉट, हिरवी अर्थला, आणि एकत्र जोडायच्या त्या काळी-पांढरी. प्रत्येक कंपनीचा रंगांचा हिशेब निराळा. त्याचं पिकअप पहिल्या रीतीचं होतं.

इस्त्री मी त्याच्याच हातात दिली. काळी-हिरवीची अदलाबदल केली, आवरण नसलेली पाचवी वायर होती तशीच अर्थवर ठेवली. स्विच मध्ये आणून त्याने ई चा कॉर्ड मारला, आणि खालचा जाड सूर परत आला. त्याने दोन वेळा, तीन वेळा तोच कॉर्ड मारला. मग माझ्याकडून मार्कर मागून घेतला आणि झाकण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला लिहिलं: काळी हॉट, हिरवी अर्थ.