ग्राफला चिकटवलेली पट्टी

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

काल रात्रीपासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय, वर्गातल्या एका मुलीच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर, लिहून काढल्याशिवाय झोप लागायची नाही म्हणून बसले.

काल बुधवार, म्हणजे कॉलेजचा दिवस. साडेपाच ते आठ दहा. दिवसभर तीन घरी सेशन्स, मधे गाडीतच डबा खाल्ला, आणि मग रूट वनच्या ट्रॅफिकमधून कसंबसं पाच वीसला पार्किंग मिळालं. गेली चार वर्षं हेच चाललंय. बिहेवियर अ‍ॅनालिस्टची नोकरी दिवसा आणि अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिसच्या, म्हणजे वर्तन मोजून ते बदलण्याच्या शास्त्राच्या, मास्टर्सचा एक कोर्स संध्याकाळी शिकवायचा, अ‍ॅडजंक्ट म्हणजे कंत्राटी शिक्षिका म्हणून. दर सेमिस्टरला नवीन कॉन्ट्रॅक्ट येतं, ऑफिस नाही, अ‍ॅडजंक्ट लोकांसाठी एक खोली आहे आणि तिथलं टेबल जो आधी येईल त्याचं. २०२३ च्या एप्रिलमध्ये इथे न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठात संप झाला तेव्हा अ‍ॅडजंक्ट लोकही त्यात होते, २५७ वर्षांत पहिल्यांदाच तिथे प्राध्यापक संपावर गेले. मी तिथे शिकवत नाही, पण बातम्या बघताना प्रत्येक वाक्य आपलंच वाटत होतं. असो, आज ते लिहायचं नाहीये.

वर्गात चौदा जण. बहुतेक सगळे दिवसभर आरबीटी (बिहेवियर अ‍ॅनालिस्टच्या हाताखालचे तंत्रज्ञ) म्हणून लोकांच्या घरी नाहीतर सेंटरमध्ये ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलांबरोबर काम करून येतात, कुणाच्या बाहीला रंग लागलेला असतो, कुणाच्या हातावर ताजा ओरखडा. यांना पुढे बीसीबीएची, म्हणजे प्रमाणित बिहेवियर अ‍ॅनालिस्ट होण्याची, परीक्षा द्यायची असते, चार तास आणि १८५ प्रश्न, आणि त्याआधी सुपरव्हिजनखाली १५०० किंवा २००० तास भरायचे असतात, कुठल्या प्रकारचं फील्डवर्क घेतलंय त्याप्रमाणे. त्यामुळे जे बुधवारी रात्री मी बोलते ते गुरुवारी सकाळी नऊला एखाद्या खऱ्या मुलावर वापरलं जातं. मधे एक झोप, बस्स. हे मला नोकरी सांभाळून शिकवायला लागल्यावरच कळलं आणि कळल्यापासून बोलण्याची थोडी भीतीच वाटते.

मुलाच्या वर्तनाचा पहिला ग्राफ मी सगळ्यांकडून हाताने काढून घेते. कम्प्युटरवर दोन मिनिटांत होतो माहितीय, पण हाताने एकेक टिंब ठेवताना त्या दिवशी काय झालं ते आठवतं, बोट तिथे थांबतं, म्हणून मी हट्टाने ग्राफ पेपरच मागते. काल ब्रेकमध्ये एकीने तिचा आणून दाखवला. मुलगा चार वर्षांचा, बोलत नाही, नाव-गाव काही नाही, ते लिहायचंच नसतं. वर्तन म्हणून तिने "हट्ट" किंवा "टॅन्ट्रम" असं न लिहिता नीट व्याख्या लिहिली होती, बंद दारापलीकडे ऐकू येईल इतक्या आवाजात रडणं, तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ. मला इतकं बरं वाटलं. बेसलाइनचे, म्हणजे काही बदलण्याआधीचे, पाच दिवस, रोजची मिनिटं तीन, चार, तीन, पाच, चार. मग ती तुटक उभी रेघ, आणि रेघेच्या पलीकडे "एक्स्टिंक्शन", म्हणजे आधी रडला की स्क्रीनचा टॅबलेट मिळायचा, आता रडला तरी द्यायचा नाही. पहिल्या दिवशी अकरा. दुसऱ्या दिवशी एकोणीस. आणि तिसऱ्या दिवसाचं टिंब कागदात मावतच नव्हतं, कारण तिने बाजूचा आकडा वीसपर्यंतच घेतला होता.

तर तिने दुसऱ्या ग्राफ पेपरची चार बोटं रुंद पट्टी कापून वर सेलोटेपने चिकटवली होती. चौकोन अर्ध्या घराने चुकत होते म्हणून पट्टीवरच्या रेघा पेन्सिलने पुन्हा ओढलेल्या, फूटपट्टीने मोजून. आणि तिथे, वरच्या त्या जोडकागदावर, एकटं एक टिंब. सव्वीस मिनिटं.

"प्रोफेसर, हे बरोबर आहे ना? मी थांबायला हवं होतं का?" असं तिने विचारलं.

आणि मी काय म्हणाले, तर "हो, हा एक्स्टिंक्शन बर्स्ट, हे अपेक्षितच असतं, उलट पद्धत लागू पडतेय याची खूण आहे." बर्स्ट म्हणजे सुरुवातीला वर्तनाने घेतलेली उसळी. तोंडावर आलेलं बोलून गेले. स्लाइडवर अगदी हीच दोन वाक्यं आहेत, दर वर्षी तीच वाचते. तिने मान डोलावली, कागद जपून घडी न घालता फाइलमध्ये ठेवला, आणि जागेवर जाऊन बसली. पुढचा सव्वा तास तिने एक अक्षर लिहून घेतलं नाही, मला समोरून दिसत होतं.

घरी येताना गाडीत ते सव्वीस मिनिटं डोक्यात मोजत होते. सव्वीस मिनिटं म्हणजे माझ्या कॉलेजपासून घरापर्यंतचा रस्ता, एखादा सिग्नल सोडला तर. तेवढा वेळ एक चार वर्षांचं पोर रडत होतं, स्वयंपाकघराच्या दारात त्याची आई उभी असणार, आणि ही तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी हातात स्टॉपवॉच धरून त्याच्याकडे कानाडोळा करत बसलेली. आणि बर्स्ट म्हणजे पद्धत लागू पडतेय, हे तर खरंही नाही. नेमाने टॅबलेट मिळत होता तो मिळेनासा झाला, म्हणून आधी जोर वाढला, एवढंच ते टिंब सांगतं. उद्या ते खाली येईल का, आणि मुख्य म्हणजे त्या मुलाला त्यातून काय मिळेल, ते त्यात कुठेच नाही.

खरंतर मला डेटा माहीत होता, हेच जास्त लागलंय मनाला. १९९५ मध्ये लर्मन आणि इवाटा या संशोधकांनी एक्स्टिंक्शनचे ११३ डेटा सेट तपासले, बर्स्ट दिसला फक्त २४ टक्क्यांत. म्हणजे तो अपेक्षितच असतो हेही माझं अर्धवट. आणि पुढची फोड बघा, जिथे नुसतंच एक्स्टिंक्शन केलं तिथे ३६ टक्के, आणि जिथे जोडीला दुसरं काही दिलं तिथे १२. हा पेपर माझ्याच रीडिंग लिस्टमध्ये आहे! त्याच्याही दहा वर्षं आधी, १९८५ मध्ये, कार आणि ड्युरँड यांनी दाखवलं होतं की जे काम ते त्रासदायक वर्तन करतंय तेच काम करणारं मागणं मुलाला शिकवा, त्रास कमी होतो. ज्या मुलाला काम अवघड जात होतं त्याला "मला समजत नाही" म्हणायला शिकवलं, ज्याला कौतुक हवं होतं त्याला "मी छान करतोय का?" विचारायला. इथे तर हा मुलगा बोलत नाही. रडणं हीच त्याची मागायची एकमेव रीत होती, आणि आम्ही ती काढून घेतली, बदल्यात दुसरी दिल्याशिवाय. एखादं चित्राचं कार्ड, टॅबलेटकडे बोट, हाताची एखादी खूण, काहीही चाललं असतं.

आज सकाळी आईशी बोलताना हेच सांगितलं (तिला माझं काम अजून "मुलांना वळण लावणे" असंच वाटतं), तर ती पटकन म्हणाली, "मग हट्ट पुरवायचाच नाही का?" तिला उत्तर देताना लक्षात आलं की आपल्या भाषेत हट्ट नुसता नसतोच, तो कुणीतरी पुरवतं नाहीतर मोडतं. वर्तन आणि त्यानंतर काय होतं ते, दोन्ही त्या शब्दप्रयोगात आहे, इंग्रजीत मला हे समजावायला अर्धा तास लागतो. पण पुरवणं नाहीतर मोडणं एवढेच दोन रस्ते आहेत तिथे. मागायला शिकवणं हा तिसरा रस्ता, आणि इथेच घोडं पेंड खातं. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकात एक्स्टिंक्शनला विलोपन म्हणतात, तो शब्द आज मला फार थंड वाटला.

पहिल्याच लेक्चरला मी विद्यार्थ्यांना सांगते की या विषयाचा इतिहास नुसता अभिमानाचा नाही. १९६० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ लोव्हासच्या लॅबमध्ये स्वमग्न मुलांना विजेचे झटकेही दिले गेले, आणि १९८७ च्या त्याच्या ज्या पेपरमुळे १९ पैकी ९ मुलं "नॉर्मल" झाल्याचं जगभर सांगितलं गेलं त्याही कार्यक्रमात जोरात "नो" ओरडणं आणि मांडीवर चापट होती. स्वतः ऑटिस्टिक असलेली मोठी माणसं आज म्हणतात की आमचं नाही म्हणणं कुणी ऐकलं नाही, तेव्हा त्यांचं ऐकायचं, वाद घालायचा नाही. हे सगळं मी मनापासून सांगते. आणि मग सातव्या आठवड्यात एक मुलगी विचारते की थांबायला हवं होतं का, तर तिला स्लाइड वाचून दाखवते.

अडचण एक आहे. मी तिची सुपरव्हायझर नाही. तो मुलगा माझा क्लायंट नाही, मी त्याला पाहिलेलं नाही, त्याचा प्लॅन तिच्या सेंटरच्या बीसीबीएने लिहिलाय आणि तो बदला असं मी वर्गातून सांगू शकत नाही, सांगूही नये. पण प्रश्न विचारू शकते, निदान तिच्या हातात प्रश्न देऊ शकते. म्हणून दुपारी दोन सेशन्सच्या मधे, एका लायब्ररीच्या पार्किंगमध्ये बसून तिला ईमेल लिहिली. आधी लिहिलं की काल मी दिलेलं उत्तर अपुरं होतं आणि त्यातलं एक वाक्य चुकीचं होतं. मग लिहिलं की सुपरव्हायझरला विचार, तो टॅबलेटसाठीच रडतोय हे कशावरून ठरवलं, नुसतं आईला विचारून की बघून-मोजून? मागायची दुसरी कुठली रीत शिकवायची ठरलीये आणि ती आधी का नाही सुरू केली? किती मिनिटांनी थांबायचं हे प्लॅनमध्ये लिहिलंय का? आणि आईला तिसऱ्या दिवसाआधी कुणी सांगितलं होतं का की असं होऊ शकतं? शेवटी लिहिलं की तो प्रश्न विचारलास हे फार चांगलं केलंस.

संध्याकाळी साडेसातला उत्तर आलं. उद्या सुपरव्हायझरबरोबर मीटिंग ठरलीये, प्रश्न प्रिंट करून नेणार आहे, आणि आज सकाळी आईनेच सांगितलं की आज नको, म्हणून त्यांनी ते केलंच नाही, त्याच्याबरोबर जमिनीवर बसून नुसतं खेळले. तिने विचारलंय की मग आजच्या तारखेला ग्राफवर काय लिहायचं, जागा रिकामी सोडायची का.

रिकामी सोड, मी कळवलं, टिंब नको आणि त्या जागेवरून रेघही ओढू नकोस, खाली लिही की आईने थांबवलं.

ग्राफ वर्गात दाखवू का हेही विचारलंय तिला, अजून उत्तर नाही. नाही म्हणाली तर मी स्वतः तसाच एक काढेन, खोट्या आकड्यांचा, पण पट्टी चिकटवूनच. येताना स्टेपल्समधून ग्राफ पेपरचा पॅड घेऊन आले. स्लाइडवरची ती दोन वाक्यं काढलीयेत, तिथे काय लिहायचं ते अजून सुचलं नाहीये, बुधवारपर्यंत वेळ आहे.