हवेवर चालणारा दिवा

जुना कंदील घरी आला की आधी चिंचेचा कोळ निघतो. टाकी घासून लखलखीत होते, फोटो काढून चार जणांना पाठवला जातो, आणि संध्याकाळी पेटवायला जावं तर ज्योत लाल, पाच मिनिटांत काच काळीकुट्ट. मग वातीला शिव्या बसतात, रॉकेलला बसतात, ‘पूर्वीचं घासलेट राहिलं नाही’ असंही म्हणून होतं. कंदिलाला मात्र दम लागलेला असतो, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

कंदील असो की गॅसबत्ती, तेल ओतलं की चालते अशी आपली समजूत असते. तेल लागतंच, पण दोघांची सगळी करामत हवेची. म्हणून दुरुस्तीला बसताना हवा कुठून येते, कुठे अडते आणि कुठून पळते, एवढं आधी बघावं. चिंच काय, दुसऱ्या दिवशीही मिळते.

सातारा-सांगलीकडच्या माणसाला हा नाद लागला तर नवल नाही. कराडच्या रेल्वे स्टेशनवर उतरलं की आपण ओगलेवाडीत असतो. औंध संस्थानाने १९१० मध्ये किर्लोस्करांना माळरान दिलं, त्यानंतर ओगल्यांना. आणि १९१६ साली सुरू झालेल्या ओगले ग्लास वर्क्समधून पुढे प्रभाकर कंदील निघाला तो थेट गोठ्यापासून देवघरापर्यंत पोहोचला. या भागातल्या माळ्यांवर अजूनही जो कंदील सापडतो तो बहुधा हाच. संग्राहक मंडळी डिएट्झ आणि फॉयरहँडसारख्या परदेशी कंदिलांच्या मागे धावतात, धावू द्यावं. मूळ काचेसकट मिळालेला प्रभाकर त्यांच्यापेक्षा कणभरही कमी नाही. फक्त काच खरंच त्याचीच आहे ना, हे बघून घ्यावं. उंचीत तीन-चार मिलिमीटर कमी पडणारी काच बसल्यासारखी दिसते, पण वरच्या कडेला फट राहते, तिथून वारा आत शिरतो आणि ज्योत सारखी दचकत राहते.

वाऱ्यात न विझणाऱ्या कंदिलाची युक्ती अमेरिकेतल्या जॉन आयर्विनची, एकोणिसाव्या शतकातली. (सांगलीत आयर्विन म्हटलं की कृष्णेवरचा पूल डोळ्यांपुढे येतो. तो व्हाइसरॉय आयर्विन. त्याचा कंदिलाशी संबंध नाही.) या माणसाने दोन तऱ्हा काढल्या. पहिल्या तऱ्हेत काचेच्या डोक्यावरची गरम, अर्धी वापरलेली हवाच बाजूच्या नळ्यांतून खाली बर्नरकडे जाते. दुसरीत वरच्या टोपीखालून ताजी, थंड हवा नळ्यांत शिरते आणि धूर मधल्या धुराड्याने स्वतंत्र बाहेर पडतो. दुसरीचा उजेड पांढरा आणि जास्त. ओळखायची खूण सोपी आहे: काचेच्या वरचं तोंड सरळ नळ्यांच्या घुमटात उघडत असेल तर पहिली तऱ्हा, मध्ये वेगळं धुराडं आणि त्याभोवती हवेची पोकळ पेटी असेल तर दुसरी. पहिल्या तऱ्हेच्या कंदिलाकडून दुसऱ्याच्या उजेडाची अपेक्षा ठेवून त्याचा जीव काढू नये.

आता त्या नळ्या. वीस-तीस वर्षं माळ्यावर पडलेल्या कंदिलाच्या नळीत हमखास काहीतरी राहायला आलेलं असतं. कोळ्याचं जाळं असतं, गंजाचा भुगा असतो, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडतं ते कुंभारीण माशीचं मातीचं घर. बाहेरून काही कळत नाही. सायकलच्या ब्रेकची जुनी तार घ्यावी, तिचं टोक उसवून कुंचल्यासारखं करावं आणि दोन्ही नळ्यांतून वर-खाली फिरवावी. मग सायकलच्या पंपाने हवा मारावी. एका नळीत मारलेली हवा बर्नरच्या बैठकीतून निसटली पाहिजे. बर्नरखालच्या जाळीची भोकं वातीच्या राखेने बुजलेली असतात. पितळी बर्नर एक लिटर पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून वीस मिनिटं उकळला की निवळतो. मात्र भाग ॲल्युमिनिअमचा असेल तर सोड्याला हात लावू नये, सोडा ॲल्युमिनिअम खातो. तिथे साबण आणि दाताचा जुना ब्रश.

वात बर्नरच्या फटीत सैल सरकली पाहिजे. कोंबून बसवलेली जाड वात तेल ओढत नाही, आणि रुंदीला कमी पडणारी वात बाजूने ज्योत टाकीकडे उतरू देते. नवी वात घालण्याआधी उन्हात वाळवावी. पावसाळ्यात ती आधी हवेतलं पाणी पिऊन बसते, मग रॉकेलला जागा उरत नाही. सरळ कापावी, दोन्ही कोपरे जेमतेम मिलिमीटरभर खुडावेत, म्हणजे ज्योतीला शिंगं फुटत नाहीत. टाकी भरल्यावर वीस मिनिटं थांबावं. घाईने कोरडी वात पेटवली की तेलाऐवजी कापूस जळतो आणि पहिल्याच दिवशी टोकावर कोळसा धरतो.

तेलाचं म्हणाल तर रेशनचं निळं रॉकेल आता सहज मिळत नाही. दिव्यासाठीचं पॅराफिन चालतं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन ही मात्र वेगळी चीज. ते इतकं जाड असतं की वातीवर चढतच नाही. डिझेल काजळी धरतं. पेट्रोलबद्दल बोलायलाच नको, तो कंदील राहत नाही, बॉम्ब होतो.

गंजाला मात्र घाई नको. पत्र्याची टाकी आतून गंजली असेल तर मूठभर बारीक खडी किंवा छोटे नट आत टाकून, थोडं पाणी घालून खुळखुळवावं. उरलेल्या गंजाला कोमट पाण्यात लिटरला पन्नास ग्रॅम लिंबूसत्व, एक रात्र. सकाळी धुऊन खायच्या सोड्याच्या पाण्याने विसळावं, उन्हात कडक वाळवावं आणि लगेच घोटभर रॉकेल घालून आतून फिरवावं, नाही तर दुपारपर्यंत पुन्हा तांबूस थर येतो. हे द्रावण गंजाबरोबर कथिल आणि जस्ताचा मुलामाही खातं, तेव्हा टाकी आतून धड असेल तर ते वापरूच नये. पितळेला हाच प्रयोग रात्रभर केला की पितळ गुलाबी होतं: त्यातलं जस्त निघून जातं आणि वर तांबं उरतं. चिंच दोन-चार मिनिटं लावून धुवावी, भिजत घालू नये. आणि निकेलचा मुलामा असलेल्या बत्तीवर काथ्या-राख घासणं म्हणजे तीन पिढ्यांनी जपलेलं अर्ध्या तासात काढून टाकणं.

टाकी गळते का हे बघायला पाणी भरून कोरड्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवावी. बारीक भोक असेल तर कथिलाचा डाग देणाऱ्याकडे न्यायची. पण त्याआधी तीनदा साबणाच्या गरम पाण्याने धुवून, डागाच्या जागेपर्यंत पाणी भरूनच. रिकाम्या वाटणाऱ्या टाकीत वाफ असते आणि ती तेलापेक्षा वाईट.

आता गॅसबत्ती. वरातीत डोक्यावर, तमाशाच्या कनातीत बांबूला, जत्रेत रेवड्यांच्या गाड्यावर लटकणारी ती पेट्रोमॅक्स. नाव बर्लिनच्या ग्रेट्झ कंपनीचं: पेट्रोलियममधला पेट्रो आणि मालक मॅक्स ग्रेट्झचा मॅक्स. तिचा खरा जीव मेंटलमध्ये, म्हणजे उजेड देणाऱ्या त्या जाळीच्या पिशवीत, आणि ते ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअरने शोधलं. १८९१ मध्ये त्याला जमलेलं प्रमाण ९९ टक्के थोरियम आणि १ टक्का सेरियम. तो एक टक्का काढला तर उजेड मंदावतो, फार वाढवला तरी मंदावतो. थोरियम किंचित किरणोत्सारी, म्हणून जुनी मेंटलं उघड्यावर पेटवावीत, त्यांची राख हुंगू नये, हात धुवावेत. हल्लीच्या बऱ्याच मेंटलांत थोरियमऐवजी यट्रियम असतं. उजेड थोडा वेगळा, पण डोक्याला ताप नाही.

बत्तीचं निदान पंपाच्या दांड्यावरच होतं. दांडा दाबताना काही अडतच नसेल, फुसकन जात असेल, तर आतलं कातड्याचं वायसर वाळलंय. काढून शिलाई मशीनच्या तेलात रात्रभर ठेवावं आणि कडा बाहेर फाकवून बसवावं. गोडं तेल किंवा खोबरेल लावू नये, महिन्याभरात चिकटा होतो. उलट, पंप मारून सोडलेला दांडा आपोआप वर येत असेल तर पंपाच्या बुडाशी असलेला परतीचा झडप-खिळा गळतोय. त्यातला इवलासा रबराचा तुकडा कडक झालेला असतो. दांडा दोन्हीकडून ठीक, तरी दाबाचा काटा उतरतोच आहे, तर टाकीच्या टोपीचं वायसर. तेल न घालता थोडी हवा भरायची आणि जोडांवर साबणाचा फेस लावायचा. जिथे फुगे फुटतील तिथे गळती. काट्याची लाल रेघ साधारण दोन बारची, तिच्यापुढे पंप मारण्यात शौर्य नाही.

पेटवताना लोक सगळ्यात जास्त चुकतात ते तापवण्यात. तेल सोडणाऱ्या चाकावरचा बाण वर म्हणजे बंद. वाटीत स्पिरिट घालून पेटवावं आणि ते संपत येईपर्यंत थांबावं. थंडीत, वाऱ्यात दुसरी वाटी लागते. रॉकेलची वाफ करणारी नळी पुरेशी तापली नसेल तर बाण खाली करताच वाफेऐवजी कच्चं रॉकेल वर येतं, पिवळे भडके उठतात आणि माणसं पळतात. पळू नये. बाण वर करावा, टोपीवरचा हवेचा स्क्रू सैल करावा, भडका निवला की पुन्हा पहिल्यापासून.

पेटली, पण मेंटल पिवळसर, काठाला काजळी; किंवा उलट निळसर, घरघरणारी आणि फिक्की. इथे पुन्हा हवाच. निपल (वाफ सोडणारं बारीक भोकाचं टोक) आणि त्यावरच्या, वाफेत हवा मिसळणाऱ्या मिश्रणनळीच्या तोंडातलं अंतर पाचशे मेणबत्त्यांइतक्या उजेडाच्या बत्तीत सुमारे १४ मिलिमीटर असावं लागतं. कमी झालं की हवा कमी मिळते, काजळी धरते. वाढलं की हवा जास्त, बत्ती गरजते आणि उजेड पडत नाही. जुन्या बत्तीत कुणीतरी कधीतरी खोललेली मिश्रणनळी अंदाजाने आवळलेली असते, त्यामुळे निपल बदलून, पिन मारून हैराण झालेला माणूस पट्टी घेऊन हे अंतर कधीच मोजत नाही. मोजावं. पेटल्यावर मेंटलला भोक पडलं तर बत्ती लगेच बंद करावी. त्या भोकातून निघणारी ज्योत सरळ काचेवर आदळते आणि काच तडकते.

हा सगळा नाद शेवटी बामणोलीच्या काठी किंवा तापोळ्याच्या बाजूला तंबू ठोकायला जाताना उपयोगी पडतो. तिथे कोयनेच्या शिवसागर जलाशयावरून वारा येतो तेव्हा मेंटलवाली बत्ती नेणं म्हणजे राखेची पिशवी हातात घेऊन खड्ड्यांच्या रस्त्याने गाडी चालवणं. पेटून झालेलं मेंटल राखेचंच बनलेलं असतं, कासचा घाट त्याला सोसवत नाही. दोन नवी मेंटलं खिशात ठेवावीत आणि तिथे पोचल्यावर बांधावीत. बत्ती उंच टांगावी. टाकी खालीच असल्याने दिव्याखाली अंधार ही म्हण इथे शब्दशः खरी होते. तंबूच्या आत मात्र ना कंदील, ना बत्ती. बंद तंबूत दोघंही आपल्या वाटची हवा खातात आणि त्या बदल्यात जो विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू सोडतात त्याला वास नसतो, रंग नसतो.

पावसात कंदील बाहेर टांगायचा असेल तर काच तापायच्या आधीच. तापलेल्या काचेवर चार थेंब पडले की ओगलेवाडीची असो की जर्मनीची, टचकन आवाज येतो. आणि परत आल्यावर टाकी रिकामी करून ठेवावी. आत राहिलेलं रॉकेल जुनं होऊन त्याचा चिकटा धरतो आणि तो पुढच्या वेळी निपलमध्ये बसतं. बत्तीत हवा भरलेली ठेवू नये. स्क्रू सैल केला की फुस्स असा लांब आवाज येतो, मेंटल पांढऱ्याचं केशरी, केशरीचं राखाडी होतं, आणि काट्याची सुई शून्यावर येऊन टेकते.