तुम्ही विचारलंत म्हणून : गिटारवरची ती काळी डबी

कार्यक्रम आटोपून मी केबल गुंडाळत असतो, तेव्हा एखादा तरुण वादक मंचाजवळ येतो, पेडलांविषयी एक-दोन प्रश्न विचारतो आणि मग मूळ मुद्द्याकडे वळतो : "काका, तुमच्या गिटारवर ती काळी डबी आहे, ती पिक ठेवायचीच ना? माझ्या गिटारला कुठे लावू? रंग तर जाणार नाही ना?" मी उभ्या-उभ्या दोन वाक्यांत काहीतरी सांगतो आणि घरी येताना वाटत राहते की सांगायचे ते राहूनच गेले, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो आहे. ती डबी म्हणजे गिटारला चिकटवायची, आत स्प्रिंग असलेली छोटी डबी : तारा छेडायची जादा पिक तिच्यात राहतात आणि अंगठ्याने एकेक सरकवून काढता येतात.

सतारवादकाला ही अडचण येत नाही, कारण तारेची नखी त्याच्या तर्जनीत घट्ट बसवलेली असते. सरोदवादक करवंटीचा जवा चिमटीत धरतो खरा, पण तो बसून वाजवत असल्यामुळे हातातून सुटलेला जवा फार लांब जात नाही. गिटारवादक उभा असतो, बोटे घामेजलेली असतात, चिमटीत पाऊण मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा गुळगुळीत तुकडा असतो आणि पायाखाली काळे कापड अंथरलेला अंधारा मंच असतो. (आमच्या वेळचे ऑर्केस्ट्रातले वादक अजूनही 'प्लेक्ट्रम' म्हणतात. 'पिक' म्हणजे संस्कृतात कोकीळ, हे कळल्यापासून मला मात्र हाच शब्द गोड वाटू लागला आहे.) पँटच्या खिशात सुटी पिक ठेवावीत, असे पुष्कळ जण सुचवतात, परंतु मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चार मात्रा दोन सेकंदांत संपतात, आणि गळ्यात गिटार असताना तिच्या मागून हात घालून खिशातले पिक काढायला त्याहून जास्त वेळ लागतो.

माझी पहिली डबी मी गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमाच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, ध्वनितपासणी चालू असताना चिकटवली. हवेत दमट उकाडा होता आणि गिटारवर माझ्याच हाताचा घाम होता. तो मी शर्टाच्या बाहीने पुसला, डबीमागचा कागद सोलला आणि उजवा हात जिथे टेकतो त्याच्या जरा खाली, गिटारच्या चकचकीत अंगावर ती दाबून बसवली. रात्री दुसऱ्याच गाण्यात पिक सुटले. मी सवयीच्या माणसासारखा डबीकडे हात नेला आणि पिक सरकवण्यासाठी अंगठ्याने दाब दिला, तर पाचही पिकांसह अख्खी डबी माझ्या हातात आली. उरलेले गाणे मी नखाने वाजवले. डबीच्या कंपनीचा त्यात काही दोष नव्हता; मी ती चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी आणि चुकीच्या पद्धतीने लावली होती, आणि या तीनही चुका आता मला वेगवेगळ्या दिसतात.

सर्वांत आधी गिटारवरचा थर ओळखावा लागतो, कारण रंग जाईल की नाही, या प्रश्नाचे उत्तर डबीपेक्षा गिटारच्या थरावर अवलंबून असते. आज परवडणाऱ्या किमतीत मिळणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारांवर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा कडक थर असतो. तो रासायनिक क्रियेने एकदाच पक्का होतो, आणि नेहमीच्या दुहेरी चिकटपट्टीचा त्याच्यावर सहसा परिणाम होत नाही. नायट्रोसेल्युलोज लॅकरची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या चकचकीत थराची, गोष्ट वेगळी आहे. फेंडर आणि गिब्सन या गिटार बनवणाऱ्या दोन नामवंत कंपन्यांपैकी फेंडरने १९६०च्या दशकाच्या अखेरीस पॉलिएस्टरची वाट धरली. गिब्सन मात्र आजही आपल्या बहुतेक गिटारांसाठी नायट्रोसेल्युलोजच वापरते. हे लॅकर केवळ द्रावक उडून गेल्याने वाळते, त्यात पक्के होण्याची रासायनिक क्रिया घडत नाही, त्यामुळे ते कितीही जुने झाले तरी योग्य द्रावक भेटला की पुन्हा मऊ पडू शकते. रबर आणि व्हिनाइल यांच्यात लवचीकपणासाठी घातलेली द्रव्ये हळूहळू बाहेर झिरपतात आणि अशा लॅकरमध्ये शिरतात. गिटार महिनोन्महिने स्वस्तातल्या स्टँडवर ठेवल्यावर जिथे रबर टेकते तिथे चिकट, काळपट डाग पडतो तो यामुळेच. चिकटपट्टीच्या गोंदाचेही तेच होऊ शकते, आणि पट्टी ओढून काढताना लॅकरचा पापुद्रा तिच्याबरोबर सुटून येऊ शकतो. गंमत अशी की जुन्या पद्धतीची सेल्युलॉइडची पिक ज्या नायट्रोसेल्युलोजपासून, त्यात कापूर मिसळून, बनवतात, तेच या लॅकरच्याही मुळाशी आहे. म्हणजे डबीतले पिक आणि डबीखालचा थर हे एकमेकांचे चुलतभाऊच म्हणायचे.

थर कोणता आहे हे गिटारच्या माहितीपत्रकात बहुधा लिहिलेले असते. ते नसेल तर कापसाच्या काडीवर ॲसिटोनचा एक थेंब घेऊन, पिकगार्ड (तारांखाली गिटारच्या अंगावर स्क्रूंनी बसवलेली प्लास्टिकची पाटी) उघडल्यावर आत दिसणाऱ्या रंगाच्या कडेला, म्हणजे एरवी झाकलेल्या भागावर, हलकेच टेकवून पाहावे. तो भाग लगेच मऊ आणि चिकट झाला तर ते लॅकर आहे असे समजावे आणि कोणतीही चिकटपट्टी त्या गिटारच्या अंगाला लावू नये. ॲसिटोनचा थेंब पिकगार्डवर मात्र पडू देऊ नका, कारण पिकगार्डचे प्लास्टिक त्याने विद्रूप होऊ शकते. ज्यांना एवढा खटाटोप करायचा नाही त्यांनी संशयाचा फायदा गिटारला द्यावा.

आता जागेविषयी, कारण लोक सर्वांत घाईने ठरवतात ती जागाच. जिथे मोकळे दिसते तिथे डबी लावण्याचा मोह होतो, आणि गिटारचे अंग सगळीकडे मोकळेच दिसते. माझे मत असे आहे की जागा डोळ्याने निवडूच नये. गिटार पट्ट्याला लावून, कार्यक्रमात जितक्या उंचीवर धरतो तितक्याच उंचीवर धरून उभे राहावे, गाणे वाजवावे, मध्येच मुद्दाम पिक सोडून द्यावे आणि हात आपोआप कुठे जातो ते पाहावे. मग कागदी टेपने, म्हणजे रंगारी वापरतात त्या पेपर टेपने, रिकामी डबी तिथे तात्पुरती लावून आठवडाभर सराव करावा. पॉलिएस्टरच्या गिटारवर किंवा पिकगार्डवर हे खुशाल करता येते. लॅकरवर पेपर टेपही दिवसेंदिवस ठेवू नये.

माझी गिटार फेंडरच्या स्ट्रॅटोकॅस्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या घडणीची आहे, आणि या प्रयोगात मी तीन जागा बाद केल्या. तारांच्या वर, पुलाच्या (तारा अंगावर जिथे टेकतात त्या ब्रिजच्या) बाजूला, जिथे अंगाला हातासाठी उतार दिलेला असतो तिथे कोपरापुढचा हात सतत घासतो. शिवाय तो भाग सपाट नसल्यामुळे पट्टी पूर्ण टेकत नाही, आणि माझी पहिली डबी निघण्यामागे घामाइतकेच हेही कारण होते. आवाजाच्या बटणाजवळ लावली तर करंगळीने आवाज कमी-जास्त करणे अवघड होते. मानेच्या दोन्ही बाजूंना गिटारच्या अंगाची शिंगासारखी टोके असतात, त्यांतल्या खालच्या शिंगाजवळ लावली तर डावा हात वरच्या पडद्यांपर्यंत पोहोचताना अडतो. शेवटी उरली ती पिकगार्डचीच जागा, तारांच्या वर, वरच्या शिंगाच्या बाजूला. ताल धरताना उजव्या हाताची झेप पिकअपांच्या, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या तारांखालच्या भागांच्या, वरून जाते, त्यामुळे ती तिथवर येत नाही. पण मनगट जरासे डावीकडे वळवले की अंगठा थेट डबीच्या तोंडावर जातो. डबीचे तोंड मी पुलाच्या दिशेने ठेवले आहे, म्हणजे पिक ज्या बाजूला सरकते त्याच बाजूला हाताला परत यायचे असते.

पिकगार्ड निवडण्याचे आणखी एक कारण मला इतर कारणांपेक्षा महत्त्वाचे वाटते. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकॅस्टरचे पिकगार्ड सुरुवातीला एकाच थराचे आणि आठ स्क्रूंचे होते आणि १९५९ पासून ते तीन थरांचे आणि अकरा स्क्रूंचे झाले, पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे : ते सपाट असते, आणि बिघडले तर बदलता येते. अंगावरचा थर खरवडला तर संपूर्ण गिटारला पुन्हा रंग चढवण्याची वेळ येते. पिकगार्ड बदलणे हे एका दुपारचे काम आहे. फक्त डबी एखाद्या स्क्रूच्या डोक्यावर येणार नाही एवढे पाहा, कारण पिकअप, बटणे आणि तारांचे सांधे सगळे पिकगार्डच्याच खाली असतात, आणि एखादा सांधा सुटला की ते उघडण्यासाठी आधी डबी उपटावी लागेल. गिटार कडक पेटीत ठेवत असाल तर झाकण डबीवर दाबले जात नाही ना, हेही चिकटवण्यापूर्वीच तपासा.

चिकटवण्याची पद्धत सोपी आहे. अवघड आहे तो धीर. पिकगार्डवर घामाचे मीठ आणि त्वचेचे तेल साचलेले असते. निम्मे पाणी आणि निम्मे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, कापड जेमतेम ओले करून ते पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. डबीसोबत आलेली पट्टी पातळ कागदी असेल तर ती काढून टाकून चांगल्या ॲक्रिलिक फोमची दुहेरी पट्टी लावावी. डबी ठेवल्यावर पंधरा-वीस सेकंद जोराने दाबून धरावी. अशा पट्टीची पकड लगेच पूर्ण येत नाही : वीस मिनिटांत सुमारे निम्मी येते, एका दिवसात बहुतांश येते आणि पूर्ण येण्यासाठी ७२ तास लागतात. म्हणजे शनिवारच्या कार्यक्रमासाठी बुधवारी सकाळी चिकटवा. पावसाळ्यात मी हे काम पंख्याखाली, गिटार तासभर खोलीत राहिल्यानंतर करतो, कारण ओलसर प्लास्टिकवर कोणताही गोंद नीट धरत नाही. छिद्र पाडून स्क्रूने डबी बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो नम्रपणे ऐकून सोडून द्यावा.

स्प्रिंगच्या डबीत साधारण पाऊण मिलिमीटर जाडीची चार-पाच पिक राहतात. दीड मिलिमीटरची वापरत असाल तर दोन-तीनच बसतील, आणि लहान आकाराची टोकदार जॅझ पिक त्यात तिरकी होऊन अडकतात. तशी पिक वापरणाऱ्यांनी ही डबी घेऊ नये, असेच मी सांगेन. गिटारच्या डोक्यावर, तारांच्या मध्ये पिक खोचून ठेवणे फुकटात होते, पण तारा किंचित सरकतात, सूर हलतो, आणि तिथवर पोहोचण्यासाठी उजव्या हाताला फार लांब जावे लागते. गाणाऱ्या वादकासाठी माइकच्या स्टँडवर लावायची पट्टी उत्तम. मी गात नाही, आणि माझ्या आसपास राहणाऱ्यांना त्याचे दुःख नाही.

"आवाज बदलतो का?" असेही विचारतात. भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारवर काही ग्रॅमच्या डबीने कानाला जाणवेल असा फरक पडत नाही, कारण आवाज तारेच्या कंपनातून पिकअपमध्ये तयार होतो. रिकाम्या डबीची स्प्रिंग मात्र कधीकधी खुळखुळते, त्यामुळे एक तरी पिक तिच्यात ठेवावे. अकूस्टिक गिटारच्या पुढच्या फळीवर डबी लावू नये. ती फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते आणि तिने मोकळेपणी थरथरावे यासाठीच ती तशी घडवलेली असते.

कधी डबी काढावी लागली तर ती ओढू नका. केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा मिनिटभर दाखवा, मग मासेमारीचा बारीक नायलॉन दोरा फोमच्या पट्टीतून करवतीसारखा पुढे-मागे फिरवा. डबी सुटून येते आणि मागे फोमचा पातळ थर राहतो. नव्या स्टीलच्या भांड्यावरचे लेबल काढताना घरी जे करतात तेच इथेही चालते : खोबरेल तेल चोळून अर्धा तास ठेवायचे आणि मऊ कापडाने पुसायचे.

मागच्या महिन्यात हेच सारे ज्या मुलाला सांगितले त्याच्याकडे गिब्सनची लेस पॉल गिटार निघाली, नायट्रोसेल्युलोजची, आणि तिचे पिकगार्डही ब्रॅकेटवर अधांतरी धरलेले, म्हणजे डबी दाबून बसवायला तिथेही भक्कम आधार नाही. त्याला मी डबी घेऊच दिली नाही. चपला शिवणाऱ्याकडून त्याने पट्ट्याला, छातीवर येईल तिथे, बोटभर रुंदीचा चामड्याचा खिसा शिवून घेतला आहे. त्यात तीन पिक राहतात, आणि तोंड जरा तिरके कापल्यामुळे वरच्या पिकाची कड तेवढी बाहेर डोकावते.